नाटक पाहायचं, तर रात्री राहायचं कुठे?



गेल्या वेळचं आमचं व्याख्यान कार्यकारणभावावर होतं. ते संपल्यावर चहाच्या वेळी एका निवृत्त मास्तरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, ते कारण आणि कार्य राहू द्या. तुम्ही म्हणे पुण्याला एकटे नाटकाला जाता. रात्री राहता कुठे?" आम्ही उभ्या उभ्या उत्तर द्यायला लागलो आणि पाहतो तर भोवती सात-आठ जण जमलेले. तासभर बोललो होतो त्यावर एकही प्रश्न आला नव्हता, आणि या एका गोष्टीवर दहा प्रश्न. तेव्हा आजचा विषय श्रोत्यांनीच ठरवलेला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने लॉजवर व्याख्यान द्यावं याचं ज्यांना हसू येतंय त्यांनी हसून घ्यावं. आम्हालाही घरून निघताना आलं होतं.

प्रश्न साधा दिसतो, पण आपल्याकडे तो नवा आहे. आपला जिल्हा नाटकाचा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, आणि १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करत होती. तेव्हापासून पुढे शंभर वर्षं रीत अशी होती की प्रेक्षक आपल्या गावात आणि नाटक फिरतीवर. कंपनीचं बिऱ्हाड गावात उतरायचं, पाण्याची-जेवणाची-निजण्याची चिंता कंपनीच्या मालकाला. शिवाय संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत चालायचं. आसपासच्या खेड्यांतून बैलगाडीने आलेला माणूस नाटक सुटल्यावर उजाडताच गाडी जुंपून परत. म्हणजे मुक्कामाचा प्रश्न नाटकच सोडवत असे! आताचं दोन अंकी नाटक अडीच तासांत संपतं. अशा वेळी संपतं की घरी परतायला फार उशीर झालेला असतो आणि पहाटेच्या गाडीला फार वेळ उरलेला असतो.

आता कोणी म्हणेल, सांगलीला भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेला बालगंधर्व नाट्यगृह आहे, तासगावातून तासाभरात पोचतो, मग पुणं कशाला? बरोबर आहे. गाजलेली व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर इथे येतात, ती आम्ही इथेच बघतो. पण सगळीच येत नाहीत. चार-पाच नटांचं, सव्वाशे माणसांपुढे करायचं प्रायोगिक नाटक सांगलीपर्यंत आणणं त्या पोरांच्या खिशाला परवडत नाही. ते शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर होतं, मुंबईत होतं, आणि ज्याला बघायचं आहे त्याने तिथे जायचं. नाटक आपल्याकडे येत नसेल तर आपण नाटकाकडे. इतकं साधं आहे, आणि तरी आम्हाला ते जमायला दोन वर्षं लागली.

याचं कारण सांगायला हवं, कारण आजच्या विषयाचं मूळ तिथे आहे. आम्ही दोघं, म्हणजे आमची पत्नी आणि आम्ही, चाळीस वर्षं बरोबर नाटकं पाहत आलो. ती गेली. त्यानंतर पहिलं वर्षभर नाटकाचं नावही काढलं नाही. मग वाटू लागलं की जावं. पुण्याला सिंहगड रस्त्यावर आमचा पुतण्या राहतो, घर मोठं आहे, मनाने त्याहून मोठा. तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. नातेवाईक असताना लॉजवर उतरणं म्हणजे आपल्याकडे जवळजवळ भांडण झाल्यासारखं.

रात्री साडेनऊचा प्रयोग होता. पुण्यात साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळा असतात. पहिला अंक संपला तेव्हा अकरा वाजत आले होते. आम्ही मध्यंतरात बाहेर आलो आणि हिशेब सुरू झाला. नाटक सुटणार सव्वाबाराला. रिक्षा मिळून घरी पोचायला पाऊण. सूनबाई जेवण झाकून ठेवून जागी असणार. तिच्या धाकट्याची दहावी. सोसायटीचा वॉचमन गेट उघडेल, मग लिफ्टचा आवाज, मग बेल. आणि उद्या तिची सकाळची नोकरी. कोणी एका शब्दाने काही म्हणालं नव्हतं. उलट "काका, कितीही वाजू द्या" असंच म्हणाले होते. पण ते मनात घेऊन दुसऱ्या अंकाला बसणं आम्हाला जमलं नाही. आम्ही रिक्षा केली आणि निघून आलो. त्या नाटकाचा दुसरा अंक आम्ही अजून पाहिलेला नाही. त्याचे प्रयोग नंतर थांबले.

ही गोष्ट आणखी एकदा झाली. दुसऱ्यांदा मध्यंतरातून उठलो तेव्हा रिक्षात बसल्या बसल्या लक्षात आलं की आपण तिकीट पूर्ण नाटकाचं काढतो आणि राहण्याची सोय अर्ध्या नाटकाची करतो.

न्यायशास्त्रात एक मजेदार दृष्टांत आहे. घट घडवायचा तर काय काय लागतं? माती, चाक, काठी, कुंभार. पण माती ज्या गाढवावरून आली ते गाढव? ते तिथे होतं हे खरं, पण घटाचं कारण म्हणून त्याला धरायचं नाही. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घट झालाच असता. अशा गोष्टीला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आता हॉटेल निवडताना जाहिरातीत जे जे दाखवतात ते आठवा. खाली कारंजं आहे, भिंतीएवढा टीव्ही आहे, सकाळचा नाश्ता फुकट आहे, छतावर रेस्टॉरंट आहे. नाटक बघायला आलेल्या एकट्या माणसाच्या दृष्टीने ही सगळी गाढवं. पैसे मात्र आपण त्यांचेच भरतो. आणि ज्या दोन-तीन गोष्टींवाचून त्याचं नाटक अर्धवट राहील त्या जाहिरातीत नसतात, त्या विचाराव्या लागतात.

त्या कोणत्या, ते शोधायचं तर हिशेब उलट करावा लागतो. बहुतेक जण आधी गाडी बघतात, मग हॉटेल, मग तिकीट. आम्ही आधी नाटकाचं तिकीट काढतो, मग पडदा किती वाजता पडणार ते धरून तिथून मागे आणि पुढे मोजत येतो. मागे मोजायचं ते झोपेसाठी. तासगावहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीने सहा तास सहज जातात. सत्तरीतला माणूस सहा तास खिडकीशी बसून येतो, हॉटेलात जेवतो आणि रात्री साडेनऊला अंधारात मऊ खुर्चीवर बसतो. काय होणार? आमच्या शेजारी एकदा एक गृहस्थ पहिल्या प्रवेशात घोरायला लागले. त्यांच्याही हातात प्रवासी बॅग होती. तेव्हा आम्ही म्हणतो की नाटकाच्या गावातली खोली ही रात्री झोपण्यासाठी नसतेच मुळी. ती नाटकात झोप लागू नये म्हणून असते. दुपारी दोन ते पाच अंग टाकायला मिळालं की रात्रीचं नाटक आपलं. रात्रीची झोप काय, माणूस एसटीतही काढतो.

यातून पहिला विचारायचा प्रश्न निघतो, तो म्हणजे चेक-आउटचा. जुन्या पद्धतीच्या लॉजमध्ये अजून 'चोवीस तास' असतात. दुपारी एकला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी एकपर्यंत आपली. नव्या हॉटेलांत 'दुपारी बारा ते सकाळी अकरा' किंवा 'दोन ते अकरा' असं असतं. कागदावर फरक दोन-तीन तासांचा दिसतो, पण आपल्याला ते दोन-तीन तास ऐन कामाचे. साडेबाराला पोचलो आणि खोली दोनला मिळणार असेल तर बॅग घेऊन काउंटरसमोरच्या सोफ्यावर बसायचं. बाराला पडदा पडून साडेबाराला झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी साडेदहाला दार वाजवून उठवणारी व्यवस्था नको. दर शंभर-दोनशे जास्त असला तरी आम्ही चोवीस तासांची खोली घेतो.

पुढे मोजायचं ते अंतर. इथे पुण्याचा भूगोल थोडा सांगतो, कारण 'पुण्यात हॉटेल स्वस्त मिळालं' या वाक्याला काही अर्थ नाही. बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर, नदीकाठी. ज्यांच्या नावाने ते आहे त्यांच्या घराण्याचं गाव नागठाणे, म्हणजे आपलंच, पण ते जाऊ द्या. टिळक स्मारक मंदिर टिळक रस्त्यावर, भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत. ही दोन एकमेकांपासून चालत जाण्याइतकी. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कोथरूडला, पार दुसऱ्या टोकाला आणि निवासी वस्तीत. स्वस्त लॉजची दाटी मात्र पुणे स्टेशनजवळ आणि स्वारगेटच्या आसपास. म्हणजे भरतला किंवा टिळक स्मारकला नाटक असेल तर स्वारगेटच्या बाजूची खोली उत्तम. एसटीतून उतरा, खोलीत शिरा, संध्याकाळी सावकाश जा. बालगंधर्वला नाटक असेल तर डेक्कन, जंगली महाराज रस्ता, शिवाजीनगर हा भाग. तिथे दर चढा असतो हे खरं. पण कोथरूडचं नाटक आणि स्टेशनची खोली हा संयोग मात्र टाळावा.

मेट्रो आहे की, असं कोणी म्हणेल. आहे, आणि जायला फार छान आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती स्वारगेटपर्यंत आली. स्वारगेटला बसा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, छत्रपती संभाजी उद्यानाला उतरा की बालगंधर्व समोरच. पण ती रात्री अकराच्या सुमारास झोपते आणि आपलं नाटक बाराला संपतं. तेव्हा तिच्यावर फक्त जाण्याचा भरवसा ठेवावा.

उदाहरणादाखल आकडे धरू. समजा स्टेशनजवळ नऊशेची खोली आहे आणि नाट्यगृहापासून दहा मिनिटांवर तेराशेची. फरक चारशेचा. नऊशेवाल्याने जाताना रिक्षा केली, येताना बारानंतरच्या जादा दराने केली, आणि मधे दुपारी विश्रांतीला परत गेला तर आणखी दोन फेऱ्या. चारशे तिथेच संपले. शिवाय रात्री रिक्षावाला "तिकडे नाही" म्हणतो तेव्हा रस्त्यावर जो अर्धा तास जातो तो कोणत्या खात्यात टाकायचा? आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही तो मजेच्या खात्यात टाकत होतो. आता नाही टाकता येत.

आणि एक गोष्ट हिशेबात न बसणारी. नाटक सुटल्यावर दहा मिनिटं चालायला मिळणं. आम्ही दोघं पूर्वी सांगलीहून शेवटच्या एसटीने परतताना तासभर नाटकावर भांडायचो. तिला नटाचं काम आवडलेलं असायचं आणि आम्हाला लेखकाचा युक्तिवाद पटलेला नसायचा. आता भांडायला कोणी नाही, पण रिकाम्या रस्त्यावरून दहा मिनिटं चाललं की तिची बाजूही आम्हीच मांडतो, आणि बहुतेक वेळा ती जिंकते. रिक्षात बसलं की हे होत नाही. मीटरकडे लक्ष जातं.

आता त्या पहिल्या लॉजची गोष्ट, नाव घेत नाही. पुतण्याकडे न जाता खोली घ्यायची असं ठरवून आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा आधी फोन वगैरे काही केला नव्हता. बोर्डिंग-लॉजिंगची पाटी दिसली, आत गेलो. काउंटरला विशीतला मुलगा. आम्ही म्हणालो, "आम्हाला एक खोली हवी आहे."

"किती जण काका?"

"एक."

त्याने आमच्या पाठीमागे पाहिलं. "मग 'आम्हाला' म्हणालात ते?"

जन्मभराची सवय, त्याला काय सांगणार? म्हटलं, आम्ही म्हणजे आम्हीच. तो म्हणाला, "एकट्याला देत नाही. मालकांची ऑर्डर आहे." आम्हाला आधी कळेना. जागा नाही, असं नव्हतं. समोर किल्ल्या लटकत होत्या. पैसे आगाऊ देतो म्हटलं, आधार कार्ड पुढे केलं. तो मान हलवत राहिला. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "काका, राग मानू नका. एकटा माणूस येतो, दार लावून घेतो, आणि सकाळी आम्हाला पोलीस बोलवायला लागतात."

तेव्हा प्रकाश पडला. कामू नावाच्या फ्रेंच लेखकाने ज्या प्रश्नाला तत्त्वज्ञानाच्या दारात अगदी पहिल्या जागी बसवलं, तो प्रश्न आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला. आणि इथे एक पोरगा तोच प्रश्न किल्ल्यांच्या फळीसमोर उभा राहून रोज सोडवत होता. त्याचा राग आला नाही. पण बॅग उचलून रस्त्यावर आलो तेव्हा पाय थरथरत होते हे कबूल करतो. आपण पंचाहत्तरीला आलो, पत्नी गेली, आणि आता नुसतं एकटं असणं हेच संशयाचं कारण झालं, असं त्या पाच मिनिटांत वाटून गेलं. परत जावं, स्वारगेटला एसटी पकडावी, इथपर्यंत विचार आला. पुढच्या चौकातल्या दुसऱ्या लॉजमध्ये काही न विचारता खोली मिळाली म्हणून ते नाटक पाहिलं.

एकट्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. ओळखपत्र बघणं, रजिस्टर भरणं हे नियमाचं. बाकी मालकाची मर्जी आणि भीती. तिच्याशी काउंटरवर वाद घालून उपयोग नाही, तिला आधीच उत्तर द्यायचं. आम्ही आता दोन दिवस आधी फोन करतो आणि पहिल्या वाक्यातच सांगतो, "मी एकटा आहे, वय इतकं, तासगावहून येतोय, अमुक ठिकाणी रात्री साडेनऊचं नाटक आहे, सव्वाबारापर्यंत परत येईन." हो, फोनवर आम्ही 'मी' म्हणतो, तेवढी तडजोड केली आहे. एकट्या माणसाचं येण्याचं कारण कळलं की समोरचा सैल होतो, असा अनुभव आहे. एका ठिकाणी तर मॅनेजरने कोणतं नाटक म्हणून विचारलं आणि त्यात कोण काम करतं यावर आमची शिकवणी घेतली.

याच फोनवर बाकीचं विचारून घ्यायचं. सर्वांत महत्त्वाचं, रात्री शटर किती वाजता ओढता? पुष्कळ लहान लॉजमध्ये अकरा-साडेअकराला शटर खाली येतं आणि पोरगा आत झोपतो. तो उठतो, पण कधी उठतो हे त्याच्या झोपेवर. "नाटकाहून उशिरा येणार" हे आधी सांगितलेलं असलं की तो जागा राहतो किंवा निदान त्याचा मोबाइल नंबर देतो. दुसरं, लिफ्ट आहे का, आणि रात्री चालू असते का. तिसरं, कमोड आहे का. हे विचारायला लाजू नका, गुडघे आपले आहेत. गरम पाणी किती ते किती? खिडकी बाहेर उघडते की जिन्यात? खाली परमिट रूम किंवा मंगल कार्यालय आहे का? परमिट रूम असली तर रात्री एकपर्यंत जिन्यात वर्दळ, आणि कार्यालय असलं तर बँड. आणि 'एकाचा दर' वेगळा आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी डबलचाच दर सांगतात आणि विचारल्यावर शे-दोनशे उतरतात.

त्या दरावर कर लागतो तोही विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याआधी १२ होता. आपण बोलतोय त्या सगळ्या खोल्या यातच येतात. कोणी अजून जुन्या टक्क्याने बिल लावत असेल तर शांतपणे दाखवून द्यावं.

मोबाइलवरून खोली घेण्याबद्दल. आमच्या नातीने आम्हाला ते ॲप शिकवलंय आणि आम्ही ते वापरतो, पण दुकानाच्या काचेसारखं. काय आहे ते बघायला. 'बालगंधर्वजवळ' असं लिहिलेलं हॉटेल नकाशावर चार किलोमीटर निघालेलं आम्ही पाहिलं आहे. फोटोतली चादर सगळ्यांचीच पांढरी असते. अभिप्राय वाचायचे तर पाच ताऱ्यांचे सोडून द्या, एक आणि दोन ताऱ्यांचे वाचा, त्यातही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. लोक तिथे खरं बोलतात: पाणी नव्हतं, ढेकूण होते, रात्री दार उघडलं नाही. 'वायफाय स्लो' अशी तक्रार असेल तर खुशाल घ्या. आणि ॲपवर पैसे भरले तरी हॉटेलात फोन करून बुकिंग पोचलं का ते विचाराच.

दिवसांचं एक सांगतो. पुण्यात स्वस्त खोली मिळणं हे पुष्कळदा तारखेवर असतं. लग्नाच्या तिथ्या, गणपतीचे दहा दिवस, पालख्या पुण्यात असतात ते दोन दिवस, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, हे आपल्याला सुचतं. जे सुचत नाही ते स्पर्धा परीक्षांचे रविवार. शनिवारी संध्याकाळी गावोगावची पोरं पुण्यात उतरतात आणि स्वारगेटच्या कॉट बेसिसवाल्या लॉजपासून सगळं भरून जातं. अशा शनिवारी आम्ही जातच नाही. एक तर खोली महाग, आणि दुसरं, आपण करमणुकीसाठी अडवलेली खाट एखाद्या पोराच्या परीक्षेची असू शकते. आठवड्याच्या मधल्या वारी प्रयोग असला तर तो धरावा. निवृत्त माणसाला गुरुवार काय आणि रविवार काय.

प्रवासखर्च आम्ही धरत नाही, कारण तो नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, आणि बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० मध्ये बंद झाली. तेव्हा पुण्याच्या नाटकाचा सगळा खर्च म्हणजे तिकीट, खोली आणि दोन वेळचं जेवण.

मुंबईचं थोडक्यात, कारण तिथे आमचा अनुभव कमी आणि दर जास्त. दादरचं शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत आहे, तिथे दुपारचेही प्रयोग असतात. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, सकाळी दादर. दुपारचं चारचं नाटक बघा, साडेसहाला मोकळे, आणि तीच गाडी रात्री आठ-नऊच्या दरम्यान दादरहून परत. खोलीच नको. आम्ही एकदा केलं आहे. पैसे वाचले, पण दोन रात्री गाडीत आणि मधला दिवस प्रतीक्षालयात काढल्यावर नाटक कोणतं होतं हे तिसऱ्या दिवशी आठवावं लागलं. पन्नाशीच्या माणसाने जरूर करावं. आम्ही आता रेल्वेची विश्रामगृहं बघतो, ज्यांना गाडीच्या तिकिटावर खोली किंवा खाट मिळते. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून ते खोक्यासारखे पॉड आहेत, नंतर सीएसएमटीलाही झाले. एकट्या माणसासाठीच केलेली जागा, तेव्हा तिथे कोणी "एकट्याला देत नाही" म्हणणार नाही! मात्र आत सरपटत शिरावं लागतं, हे गुडघ्यांना विचारून ठरवा.

पुण्यात लॉज आणि नाटक यांचं नातं जुनं आहे. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस १९३५ साली सुरू केलं ते नानासाहेब सरपोतदारांनी, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. नाटक-सिनेमातल्या मंडळींचा तिथे राबता असे. नाटकवाल्यांना रात्री उशिरा येण्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही अशी एखादी जागा गावात असणं किती मोलाचं असेल, हे त्या शटरबाहेर उभं राहिल्यावर कळतं.

आता प्रश्न घेऊ.

ताईंचा प्रश्न आहे की बाईमाणसाने एकटीने हे करावं का, आणि करायचं तर काय बघावं. ताई, आमचा स्वतःचा अनुभव इथे उपयोगाचा नाही, पण आमच्या एक जुन्या सहकारी, निवृत्त प्राध्यापिका, वर्षातून तीन-चार वेळा जातात. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. त्या थेट जाऊन खोली कधीच घेत नाहीत, आधी फोन, आणि फोनवर पलीकडे कसं बोलतात त्यावरून निम्मा निर्णय. खोली पहिल्या मजल्यावर, काउंटरपासून हाक ऐकू जाईल अशी. सामान ठेवायच्या आधी आतली कडी लावून बघतात. नुसतं लॅच असेल तर खोली बदलून मागतात. परमिट रूमच्या इमारतीत कधीच नाही. चारशे-पाचशे जास्त जातात, ते त्या नाटकाच्या तिकिटात धरतात. "बायकांनी साडेपाचचंच नाटक बघावं" असं मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल, तर नाही म्हणणार. प्रायोगिक नाटकाला साडेपाचचा प्रयोग मिळतोच असं नाही. फक्त खोलीपर्यंतचा रस्ता त्या दुपारी उजेडात एकदा चालून बघतात, दुकानं कोणती उघडी राहतात ते बघून ठेवतात. हे आम्हीही त्यांच्याकडूनच शिकलो.

मागून कोणीतरी विचारतंय, रात्री काही झालं तर? रास्त आहे. आम्ही खोलीवर पोचलो की मुलीला एक मेसेज टाकतो, 'पोचलो, नाटक बरं' किंवा 'पोचलो, नाटक वाईट'. गोळ्या उशाशी, पाण्याची बाटली आधीच भरलेली, आणि एका चिठ्ठीवर मुलीचा आणि पुतण्याचा नंबर शर्टाच्या खिशात. मोबाइलचं कुलूप दुसऱ्याला उघडता येत नाही, म्हणून चिठ्ठी. काउंटरच्या मुलाला सकाळी आठला चहा सांगून ठेवतो. चहा हवा असतोच. पण आठला कोणीतरी दार वाजवणार आहे एवढं माहीत असलं की आम्हालाही बरं वाटतं आणि त्यालाही.

आणि हा शेवटचा, मास्तरांचाच आहे. पुतण्याला काय सांगितलंत? रागावला का?

रागावला. आठ दिवस फोन नाही. मग आम्ही त्याला दोन्ही मध्यंतरांची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नाटक अर्धं टाकून येत होतात हे आम्हाला सांगितलं का नाहीत? आम्हाला वाटायचं, तुम्हाला आवडलं नसेल." तेव्हापासून ठरलंय. रात्री लॉज, आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण त्यांच्याकडे, चोवीस तास भरायच्या आत खोली सोडून. आम्ही इथल्या बाजारातून अर्धा किलो बेदाणा नेतो. सूनबाई वाढता वाढता दुसऱ्या अंकात काय झालं ते विचारते, आणि गेल्या महिन्यात म्हणाली, "पुढच्या वेळी मीही येते, पण मला घरी सोडायला तुम्ही यायचं नाही."